पाऊस यायच्या आत पुस्तकं वर चढवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांवर आपल्या रविवारच्या अंकात लेख आला होता. मोटार चालवता येत नाही, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, मुलगा-सून कामावर, घरात आपण आणि तो भलामोठा फ्रीज. लेखात खोटं काही नाही. मीसुद्धा २०२४ च्या मेअखेरीस असाच गेलो होतो, आयोवा सिटीला, सात आठवडे. पण मला कंटाळायला सवड झाली नाही. का, ते सांगतो. त्या सांगण्याच्या शेपटाला बडोद्यातलं एक काम बांधलेलं आहे आणि खरं पत्र त्या कामासाठीच आहे. तेव्हा लांबलं तर पुढून कात्री लावा, मागून नको.

मी बुकबाइंडर. रावपुऱ्यात बेचाळीस वर्षं दुकान होतं, २०१९ मध्ये बंद केलं. आपल्या विद्यापीठाचे किती थिसिस बांधले याचा हिशेब नाही. मरून किंवा काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि समोर रात्री अकराला उभा असलेला एखादा घामाघूम मुलगा, ‘काका, उद्या सबमिशन आहे.’ पण ते पोटापाण्याचं. जीव होता तो वाचनालयांच्या कामात. जुनं मराठी पुस्तक यायचं, पाठ उसवलेली, कोपरे गेलेले. ते सोडवायचं, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, वेगळे करायचे, जुजबंदी करून परत शिवायचं, खळ लावून शिकंजात, म्हणजे दाबायच्या यंत्रात, दाबायचं. गावातल्या दोन-तीन मराठी वाचनालयांतली निम्मीअधिक कपाटं माझ्या हाताखालून गेलेली आहेत.

असा माणूस आयोवा सिटीला गेला म्हणजे काय होणार? गाव जवळजवळ पाऊण लाख वस्तीचं, त्यात विद्यार्थीच तीस हजारांच्या घरात. मध्यभागी जुन्या विधानभवनाचा सोनेरी घुमट. आयोवा राज्याची राजधानी १८५७ मध्ये डे मॉइनला गेली आणि ही इमारत विद्यापीठाकडे आली. मुलानं मोठ्या कौतुकानं घुमट दाखवला. मी म्हटलं, छान आहे, पण आपल्या बडोदा कॉलेजच्या घुमटाखालून रोज सायकलनं गेलेल्या माणसाला घुमट दाखवू नये. त्याला ते फारसं आवडलं नाही.

मेच्या मध्यावर पदवीदान होतं आणि गाव रिकामं होतं. आम्ही पोचलो तेव्हा फुटपाथच्या कडेला सोफे, टेबलं, दिवे ‘फुकट’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेले. सिटी बसलाही तिकीट नव्हतं. आमच्या हिला पहिले दोन दिवस हे सगळं फसवणुकीसारखं वाटलं. तिची खरी अडचण वेगळीच होती. जूनमध्ये तिथं पावणेनऊपर्यंत उजेड, मग देवापुढं दिवा लावायचा कधी? सात वाजता लावला तर खिडकीतून ऊन ज्योतीवर. शेवटी तिनं बडोद्याची वेळ धरली आणि सकाळी नवाला तिन्हीसांज करू लागली.

आणि शेतूर. मराठीत तुती म्हणायचं, पण बडोद्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडी शेतूरच येतं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्या गावच्या गल्ल्यांमधून फुटपाथ जांभळे होतात. झाडं लगडलेली, खाली सडा, आणि कुणी हात लावत नाही. पक्षी खातात आणि लोक मोटारी दुसरीकडे लावतात, डाग पडतात म्हणून. आम्ही दह्याचा रिकामा डबा घेऊन रोज सकाळी निघायचो. एक मुलगी थांबली, विद्यार्थिनीच असावी, आणि विचारलं, ‘हे खाता येतं?’ हिनं उत्तर म्हणून डबाच तिच्यापुढं केला. ती तिथंच उभी राहून खात बसली आणि नंतर आपली जांभळी बोटं बघून हसत सुटली. गावाबाहेर दहा मिनिटांवर मक्याची शेतं. आम्ही गेलो तेव्हा रोपं वीतभर होती, निघालो तेव्हा माझ्या डोक्याच्या वर. लेखातल्या त्या कंटाळलेल्या गृहस्थांनी नुसता मका मोजला असता तरी दिवस गेले असते.

या गावाला युनेस्कोनं २००८ मध्ये साहित्यनगरी म्हटलं आहे. एका रस्त्याच्या फुटपाथमध्ये लेखकांची वाक्यं ब्राँझच्या पाट्यांवर ओतून बसवली आहेत. कल्पना चांगली, पण माझे पाय अडखळले. कागदाला पाय लागला की डोक्याला हात लावणारे आपण, अक्षरांवरून चालायचं कसं? मी पाट्या चुकवत चाललो. नातीला तो खेळ वाटला आणि तीही उड्या मारत आली. समोरून येणारे लोक आम्हाला वाट देऊ लागले.

तिथं दरवर्षी पानगळीच्या दिवसांत जगभरचे लेखक येऊन राहतात. १९६७ पासून हा कार्यक्रम चालू आहे. पुढं नोबेल मिळालेले ओरहान पामुक १९८५ मध्ये इथं होते. आणि त्यांच्या आधी, १९७५ ते ७७, आपले कवी दिलीप चित्रे. आपले म्हणजे बडोद्याचे, जन्म १९३८, इथलाच. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे बडोद्यातून ‘अभिरुची’ मासिक काढायचे, हे आपल्या जुन्या वाचकांना सांगायला नको. त्या कार्यक्रमाच्या घरापाशी मी एकदा जाऊन आलो. उन्हाळ्यात लेखक नसतात, त्यामुळे घर गप्प होतं. पायरीवर पाच मिनिटं बसलो आणि परत आलो. ‘अभिरुची’चं नाव पुढं पुन्हा येईल, लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. त्या विद्यापीठात पुस्तक बनवण्याची विद्या शिकवतात: कागद हातानं करणं, बांधणी, सुलेखन. त्यांच्या कागद करणाऱ्या प्राध्यापकांच्या हातचा कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याखाली ठेवला आहे. आणि मोठ्या ग्रंथालयात जखमी पुस्तकांचा दवाखाना आहे. मुलानं ओळख काढली आणि एक दिवस मला आत नेलं.

आत गेलो आणि काय सांगू, दुकानात आल्यासारखं वाटलं. तोच शिकंजा, फक्त स्वच्छ. तीच सुई, तोच मेण ओढलेला दोरा, घडी दाबायची तीच हाडाची पट्टी. काम करणाऱ्या बाईंचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, पण त्यांनी एक फर्मा पुढं केला आणि मी शिवून दाखवला. मग भाषेची गरज उरली नाही. खळ त्यांचीही गव्हाचीच, पण नुसत्या सत्त्वाची. मी सांगितलं की आम्ही मैद्याच्या खळीत मोरचूद घालतो, कीड लागत नाही. मुलानं ‘कॉपर सल्फेट’ असं भाषांतर करताच बाईंचा चेहरा पडला. मोरचुदानं कीड मरते हे खरं, पण कागदही हळूहळू मरतो, आतून आंबट होतो, तपकिरी पडतो, तुटतो. बेचाळीस वर्षं मोरचूद घातलेला माणूस मी! त्या दिवशी बसमध्ये फार बोललो नाही.

निघायच्या आधी मी त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले, राज्यभर वाचनालयं उभी केली, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली. मध्यवर्ती ग्रंथालयातली लोखंडी कपाटं आणि त्यांच्यामधल्या काचेच्या फरशा, ज्यांतून वरच्या मजल्याचा उजेड खाली येतो, त्यांचंही वर्णन केलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मोरचुदाचं थोडं फिटलं.

तिथंच २००८ च्या पुराची गोष्ट कळली. आयोवा नदी विद्यापीठाच्या मधून जाते, जशी आपली विश्वामित्री कमाटीबागेतून. (मगरी नाहीत. नातीला याचं वाईट वाटलं. तिला बडोद्याची नदी जास्त भारी वाटते.) वरच्या बाजूला कोरलव्हिलचं धरण आहे, १९५८ चं. त्याच्या सांडव्यावरून पाणी गेलं ते फक्त दोनदा, १९९३ आणि २००८ मध्ये. ९३ च्या लोंढ्यानं सांडव्याखालची माती खरवडून नेली आणि खाली साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा पडला, शिंपले आणि पोवळी दगडात तशीच. आम्ही तिथं एक रविवार घालवला. जूनच्या पावसात आपल्या आजवा तलावाची पातळी २११ फूट झाली का २१२, हे वर्तमानपत्रात आधी बघणाऱ्या बडोदेकराला धरणाचा सांडवा दाखवला की तो शिंपले बघत नाही, पाणी कुठवर येईल ते बघतो.

तर २००८. १५ जूनला त्या गावात नदी साडेएकतीस फुटांवर गेली, पूरपातळी २२ असताना. नाट्यगृह गेलं, पाडावं लागलं. कलासंग्रहालयातून चित्रं आधीच हलवली म्हणून वाचली. आणि ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं आणि कागदपत्रं होती. पाणी यायच्या आत विद्यार्थी, प्राध्यापक, गावातले लोक जिन्यावर ओळीनं उभे राहिले आणि एकानं दुसऱ्याच्या हातात असं करत तळघर वर आणलं. यंत्र नाही, ट्रक नाही. आपल्याकडे गवंडी घमेली देतात तसं. शेजारच्या सीडर रॅपिड्सला ते जमलं नाही, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात पाणी शिरलं आणि पुस्तकांचा मोठा भाग गेला. तिथल्या चेक लोकांच्या संग्रहालयानं नंतर आपली अख्खी इमारत उचलून उंच जागी नेऊन ठेवली.

आणि भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं, हेही मी त्या बाईंकडून शिकून घेतलं. भिजलेलं पुस्तक उघडायचं नाही. उन्हात तर मुळीच टाकायचं नाही, पुठ्ठा वाकडा होतो आणि पानं लाटांसारखी. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून त्याच्या आत ते गोठवायचं. गोठलं की बुरशी थांबते आणि आपल्याला विचार करायला महिने मिळतात. मेणकागदात गुंडाळायचं, पाठ खाली करून उभं ठेवायचं, आणि थेट शून्याखाली. मोठ्या संस्थांकडे निर्वात यंत्रं असतात, त्यात बर्फ न वितळता सरळ वाफ होऊन जातो. घरच्या फ्रीझरमध्येही तेच होतं, फक्त कित्येक महिने लागतात. चकचकीत कागदाची पुस्तकं आधी गोठवायची, कारण ती सुकताना पानाला पान चिकटलं की कायमचं.

जुलैच्या मध्यात परत आलो. ऑगस्टच्या २७-२८ ला काय झालं ते आपणा सर्वांना माहीत आहे. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमचं काही गेलं नाही. वीज नाही, फोन नाही, खाली गल्लीत छातीभर पाणी. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी मला आठवण झाली ती नदीच्या बाजूच्या एका मराठी वाचनालयाची. नाव लिहीत नाही, चालवणारी माणसं भली आहेत आणि म्हातारी आहेत, माझ्यासारखीच. गेलो तर दार उघडं, आतून फिनाइलचा वास, आणि खालचे तीन खण रिकामे. ‘पुस्तकं?’ ‘पस्तीवाल्याला दिली. वास मारत होती हो.’

पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, कोपऱ्यावरच होता. ढीग हातगाडीच्या उंचीचा. ओली पुस्तकं फुगून एकमेकांत रुतलेली, चिखलाचा राखाडी लेप. मी हात घातला. पुठ्ठे लगद्यासारखे सुटून येत होते. खळ विरघळून गेली होती, मोरचुदासकट. आणि मग एक जाड खंड हाताला लागला. पाठीचं कापड गेलेलं, अक्षरं गेलेली. पण पाठीवर आडव्या पाच टाक्यांच्या ओळी, आणि शेवटी माझी गाठ. प्रत्येक बाइंडरची गाठ वेगळी असते, सहीसारखी. आतला कागद कोपऱ्यातून उचलून पाहिला: ‘अभिरुची’. १९८० च्या आसपास मीच बांधलेला खंड. पुठ्ठा गेला, खळ गेली, कापड गेलं, दोरा शाबूत होता. एकही फर्मा सुटला नव्हता. दुसरा खंडही होता म्हणे. तो सापडला नाही, सकाळीच एक टेम्पो भरून गेला होता.

पस्तीवाल्यानं वीस रुपये घेतले. ओल्या वजनाचे.

मला त्या वाचनालयावर राग काढायचा नाही. राग आला होता, आता नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं? मी जूनमध्ये शिकलो, ऑगस्टमध्ये पूर आला आणि मधल्या महिन्यात मी एकाही वाचनालयात जाऊन सांगितलं नाही. शेतुरांच्या आणि मक्याच्या गोष्टी मात्र सगळ्यांना सांगून झाल्या होत्या.

म्हणून हे पत्र. यंदाचा पाऊस दारात आहे. बडोद्यात ज्या ज्या मराठी वाचनालयाचं, मंडळाचं, शाळेचं कपाट तळमजल्यावर आहे, त्यांनी खालचे तीन खण आत्ताच रिकामे करावेत. वरचा मजला असेल तर वर, नसेल तर शेजारच्याच्या वर. एका रविवारी पंचवीस माणसं जिन्यावर उभी राहिली तर हजार पुस्तकं चहाच्या वेळेपर्यंत वर जातात. मी येतो. जिना चढायला आता जमत नाही, पण मधल्या पायरीवर उभा राहून इकडचं तिकडं देता येतं. शाळांना सुट्टी आहे तोवर मुलंही मिळतील. खालच्या खणात रद्दीचे हिशेब, जुन्या खुर्च्या, काय हवं ते ठेवा.

आणि इतकं करूनही पाणी आलंच, तर पस्तीवाल्याला बोलावू नका. आपल्या शहरात आइस्क्रीमवाल्यांना तोटा नाही आणि त्यांच्याकडे जनरेटरही असतात. पूर येण्याआधी एकाशी बोलून ठेवावं: बाबा, वेळ आली तर एक कोपरा देशील का? पूर आल्यावर विचारलं तर तो स्वतःचं दूध सांभाळत असणार. मी माझ्या ओळखीच्या एकाला विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, ‘काका, मेणकागद तुमचा.’ कबूल केलं.

ज्या संस्थांना हे करायचं असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. बांधणीचे पैसे घेणार नाही. मोरचूद घालणार नाही.

तो ‘अभिरुची’चा खंड त्या दिवशी वीज आल्यावर मेणकागदात गुंडाळून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवला, हिच्या तुरीच्या दाण्यांशेजारी. नऊ महिने तिथं होता. आता आमरसाचे डबे ठेवायला तिला तो खण हवा होता, म्हणून गेल्या आठवड्यात बाहेर काढला. सुकला आहे. काठाला थोडी काळी बुरशी आहे, ती ब्रशनं जाते. पानं एकेक सुटतात, दोन ठिकाणी शाई पसरली आहे, पण वाचता येतं. सध्या शिकंजात दाबून ठेवला आहे. पुठ्ठा आणि कापड नवीन घालीन. अस्तराला मात्र जुन्या पद्धतीचा अबरी कागद हवा आहे, निळ्या-तांबड्या लहरींचा, मूळ होता तसा. मांडवी आणि रावपुऱ्यात सगळीकडे विचारून झालं. वाचकांपैकी कुणाकडे दोन ताव पडून असतील तर कळवावं.

आपला,
एक निवृत्त बुकबाइंडर
रावपुरा, बडोदा